ईएसजी टीममध्ये जाऊ का, आणि वरच्या लोकांना हे खरंच पटलंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकल इंजिनिअर, मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन दोन्ही केलंय, आता कंपनीत नवीन ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) टीम बनतेय आणि तिकडे येतोस का म्हणून विचारलंय. जावं का, आणि गेलो तर सर्टिफिकेट कुठलं करू? आणि त्यामागची खरी शंका, की डायरेक्टर लोकांना हे सस्टेनेबिलिटीचं मनापासून वाटतं का, की दोन वर्षं फॅड चालेल आणि मग गुंडाळतील, कारण अमेरिकेत तर मोठमोठी नावं मागे फिरतायत.

मी या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे. पुणे, चाकण, रांजणगाव हा पट्टा, थोडं कोल्हापूर, थोडं संभाजीनगर. लिस्टेड कंपन्यांचंही काम केलंय आणि त्यांना माल देणाऱ्या छोट्या कारखानदारांचंही. जे बघितलंय ते सांगतो, लांबेल जरा.

पहिली गोष्ट, "मनापासून वाटतं का" हे विचारणं सोडून द्या. मालकाच्या मनात काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही आणि कळून फारसा उपयोगही झाला नसता. भाषणात जे बोलतात तेही सोडा. युनायटेड नेशन्स ग्लोबल कॉम्पॅक्ट आणि अ‍ॅक्सेंचरने २०१० मध्ये जगभरच्या सीईओंना विचारलं होतं, तेव्हाच ९३ टक्के म्हणाले होते की आमच्या धंद्याच्या भवितव्यासाठी सस्टेनेबिलिटी महत्त्वाची आहे. २०१३ ला परत विचारलं तर ६७ टक्के म्हणाले की उद्योगजगत पुरेसं करत नाहीये. म्हणजे तोंडी होकार केव्हाचा आहे. मी दोनच गोष्टी बघतो: पैसा कुठल्या बजेटमधून येतोय आणि मीटिंगला कोण बसतंय. बदल झालाय तो तिथे झालाय, आणि बराच झालाय.

पूर्वी पर्यावरण म्हणजे एमपीसीबी (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ), विषय संपला. भोपाळ १९८४ ला झालं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि मालकाच्या डोक्यात हा विषय कन्सेंट रिन्यूअल (मंडळाची परवानगी नवी करून घेणं), ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आणि "साहेब कधी येणारेत" एवढ्यावर येऊन थांबला. कंपनीत एक ईएचएसवाला (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघणारा) असायचा, बऱ्याचदा केमिस्ट, त्याची खोली ईटीपीच्या शेजारी, आणि एमडी त्याला नावाने ओळखत असेल तर समजायचं काहीतरी नोटीस आलेली आहे. अपवाद होते, नाही असं नाही. जेआरडींनी १९७९ च्या सुमारास टाटा स्टीलचं सोशल ऑडिट करून घेतलं होतं, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं करा म्हणून. पण अपवादांवरून इंडस्ट्री मोजू नये.

मग कंपनी कायदा २०१३ आला, कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकामावर. त्याने चांगलं काम झालं, शाळा झाल्या, बंधारे झाले, पण एक घोळ करून ठेवलाय तो अजून निस्तरतोय आम्ही. विषय ईटीपीशेजारच्या खोलीतून उठला आणि एचआरच्या टेबलावर गेला. आजही एखाद्या प्रमोटरला म्हटलं की तुमच्या फर्नेसचं काय करायचं, तर तो शाळेतल्या ई-लर्निंगचे फोटो दाखवतो, आमचं सीएसआर बघा म्हणतो. अहो, सीएसआर म्हणजे कमावल्यावर काय करता, आणि मी विचारतोय कमावताना काय करता. जूनमध्ये वृक्षारोपण, खड्डे गेल्या वर्षीचेच, रोपं तेवढी नवीन, आणि टोपी घालून डायरेक्टर.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१२ पासून टॉप १०० लिस्टेड कंपन्यांना बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी रिपोर्ट द्यायला लावला, तो बहुतेकांनी कॉपी-पेस्ट करून दिला, खरं सांगायचं तर कन्सल्टंट लोकांनीच करून दिला. नंतर २०२१ ला त्याच्या जागी बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) आला आणि २०२२-२३ पासून टॉप १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यातही सुरुवातीला लोकांनी निबंधच लिहिले. खरा धक्का बसला २०२३ मध्ये, बीआरएसआर कोअरने, कारण त्यात ठरावीक आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे होते, आधी टॉप १५०, मग २५०, मग ५०० असं वाढत. तपासणारा आला की सगळं बदलतं. तो म्हणतो पाण्याचा आकडा कुठून आला, तर कळतं की बोअरवेलला मीटरच नाही, पंप किती तास चालला गुणिले पंपाची क्षमता असं करून कुणीतरी रजिस्टरमध्ये लिहितोय, आणि रविवारीही तेवढंच पाणी लिहिलेलं, प्लांट बंद असताना. असले आकडे वार्षिक अहवालात कंपनीच्या नावाने छापायचे म्हटल्यावर सीएफओ पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. मी स्वतः बघितलेला सगळ्यात मोठा बदल हाच. ईएसजीच्या मीटिंगला फायनान्सचा माणूस येऊन वही उघडून बसायला लागला. त्याला हवामान बदलाचं काय वाटतं मला माहीत नाही, त्याला चुकीचा आकडा सहीखाली जाऊ द्यायचा नाहीये, आणि मला तेवढं पुरतं.

बाय द वे, बीआरएसआर कोअरमध्ये पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी देता हाही आकडा द्यावा लागतो. सस्टेनेबिलिटी म्हणजे फक्त झाडं आणि कार्बन समजणाऱ्यांना हे दाखवा एकदा. छोट्या कारखानदाराला विचाराल तर तो म्हणेल, बाकीचं राहू द्या, एवढं एक नीट करा.

छोट्यांचं आता सविस्तर सांगतो, कारण बदल खरा तिथे दिसतोय आणि लबाडी पण.

भोसरीतले एक कारखानदार आहेत, नट-बोल्ट बनवतात, फास्टनर, माल युरोपला जातो. त्यांना मोठ्या गिऱ्हाइकाकडून मेल आला, सोबत एक्सेल, भरपूर टॅब, पंधरा दिवसांत भरून द्या. मालकाने बघितलं, अकाउंटंटला फॉरवर्ड केलं, विषय संपला. अकाउंटंटने डिझेल रुपयांत भरलं कारण टॅलीमध्ये रुपयेच असतात, लिटर कुणी ठेवत नाही, मग डिझेल पंपाची बिलं काढून लिटर शोधत बसलो, कारण एका लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा असतो आणि रुपयाला असा काही आकडा नाही. विजेचं त्याहून भारी. एचटी (हाय टेन्शन जोडणीच्या) ग्राहकांना एप्रिल २०२० पासून महावितरण केव्हीएएचवर, म्हणजे लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर, बिल लावतं, त्यामुळे बिलावर नजर जाते ती केव्हीएएचवर, त्याने तोच उचलून टाकला, आणि कार्बनच्या हिशोबाला लागतो केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेल्या विजेचा आकडा, जो त्याच बिलावर असतो पण कुणी बघत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, ढिसाळ असेल तर दोन्हीत चांगलाच फरक पडतो. हे सगळं निस्तरताना मालक शेजारी बसून होते, आणि मध्येच म्हणाले, थांबा, म्हणजे आपला पॉवर फॅक्टर एवढा वाईट आहे? पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक त्याच महिन्यात बदलली. तोवर त्यांना सस्टेनेबिलिटी म्हणजे गोऱ्यांचं नाटक वाटत होतं, आणि अजूनही वाटत असेल, पण बिल कमी आलं.

पुढचा अंक सीबॅमचा, म्हणजे आयात मालातल्या कार्बनवर युरोपने लावलेल्या आकाराचा. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून नुसतं रिपोर्टिंग सुरू केलं आणि जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज, एवढ्या मालावर आयात करणाऱ्याने त्यातल्या कार्बनचे पैसे भरायचे. नट-बोल्टही त्या यादीत आहेत. भरणार युरोपातला आयातदार, पण तो काय स्वतःच्या खिशातून भरणारे का, तो रेट पाडायला आपल्याकडेच येणार. तिथल्या कारखान्यांना मिळणारे फुकट कार्बन परवाने २०३४ पर्यंत हळूहळू बंद होणार आणि तसतसा आपल्या मालावरचा भार चढत जाणार.

तर हे कळल्यावर त्या मालकांनी उत्साहात छतावर सोलर बसवायचं ठरवलं, सीबॅमसाठी म्हणून. मी म्हटलं सोलर बसवा, जरूर बसवा, पण सीबॅमसाठी त्याचा उपयोग शून्य, कारण पोलादाच्या मालाला फक्त थेट उत्सर्जन धरतात, विकत घेतलेली वीज त्यात येत नाही. सिमेंट आणि खताला येते, पोलादाला नाही. आणि तुमच्या बोल्टमधला बहुतेक कार्बन तुमच्या शेडमध्ये झालेलाच नाही, तो कच्च्या मालाबरोबर, वायर रॉडबरोबर आलाय. ब्लास्ट फर्नेसचं स्टील असेल तर टनामागे दोन टनांच्या वर कार्बन, भंगारापासून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये केलेलं असेल तर त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे प्रश्न तुमच्या कारखान्याचा नसून तुम्ही रॉड कुणाकडून घेता याचा आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिलच्या सेल्सवाल्याला फोन लावला, हीटनुसार (भट्टीच्या प्रत्येक खेपेनुसार) कार्बनचा आकडा द्या म्हणून. सेल्सवाल्याला कळेना काय मागतायत. असे फोन बऱ्याच मिलना गेले असणार, कारण नंतर मिलवाले स्वतःहून आकड्यांचा कागद द्यायला लागले. पोलाद कंपन्यांचे डायरेक्टर लो कार्बन स्टीलबद्दल बोलतायत त्याच्या मागे हे पण आहे, गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न फिरत फिरत वर पोचलाय. टाटा समूहाने नेट झिरोसाठी, म्हणजे सोडलेला आणि काढून घेतलेला कार्बन सारखा होण्यासाठी, २०४५ हे साल जाहीर केलंय, देशाचं लक्ष्य २०७० असताना. त्यात जेआरडींच्या वेळची विचारसरणीही असेल, पण युरोपात माल विकायचाय हेही आहे.

सोलर त्यांनी शेवटी बसवलं, वेगळ्या कारणाने. उद्योगाला महावितरणची वीज महाग पडते, सोलरला पहिल्या वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत घसारा मिळतो, आणि सीएने हिशोब मांडून दाखवला. मोठ्या कंपन्या ग्रुप कॅप्टिव्ह करतात, म्हणजे सोलापूर-धाराशिवकडच्या एखाद्या सोलर किंवा विंड प्रोजेक्टमध्ये ग्राहकांनी मिळून किमान २६ टक्के भागभांडवल घ्यायचं आणि निम्म्याहून जास्त, ५१ टक्के वीज स्वतः वापरायची, मग क्रॉस सबसिडी सरचार्ज, म्हणजे बाहेरून वीज घेतली की द्यावा लागणारा जादा आकार, वाचतो. माझ्या पाहण्यात चाकणच्या बोर्डरूममध्ये रिन्यूएबलला सगळ्यात जास्त होकार याच गणिताने मिळवून दिलाय. त्यात वाईट काय आहे मला कळत नाही. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्याकडे सुमारे ०.७ किलो कार्बन जातो, तो वाचला, हेतू काहीही असो.

अजून एक गोष्ट आहे जी रिपोर्टमध्ये येत नाही पण डायरेक्टर लोकांच्या बोलण्यात येते: पाणी आणि पूर. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच वेळी औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि दारू कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि बाकी उद्योगांचंही काही प्रमाणात कापायला लावलं होतं. वाळूजच्या लोकांना विचारा. त्यानंतर तिथे वॉटर ऑडिटचा विषय मांडायला पीपीटी लागत नाही. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली, शिरोलीजवळ ट्रकची रांग कित्येक दिवस, २०२१ ला परत तेच. पुण्यातल्या असेंब्ली लाइनला कास्टिंग कोल्हापूरहून येतात, स्टॉक दोन दिवसांचा ठेवतात. त्या आठवड्यात पर्चेस हेड लोकांना जे कळलं ते कुठल्याही कॉन्फरन्समध्ये कळलं नसतं. दुसरा व्हेंडर, दुसरा रस्ता, जादा स्टॉक, विमा कंपनीचे नवे प्रश्न, ही सगळी हवामानाचीच कामं आहेत, फक्त कंपनीत त्याला कुणी ईएसजी म्हणत नाही.

आता अमेरिकेचं. ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीचा प्रमुख लॅरी फिंक याने २०२० च्या पत्रात लिहिलं होतं की हवामानामुळे अख्ख्या फायनान्सची फेरमांडणी होणार, आणि २०२३ मध्ये म्हणाला की मी ईएसजी हा शब्द वापरणं बंद केलंय, त्याचं राजकारण झालंय. जानेवारी २०२५ मध्ये ब्लॅकरॉक नेट झिरोवाल्या अ‍ॅसेट मॅनेजरांच्या गटातून बाहेर. अमेरिकन बँका त्याच सुमारास नेट झिरो बँकिंग अलायन्समधून एकेक करून निघाल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती अलायन्सच बंद झाली. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्के कमी करू, २०२३ ला ते २५ वर आणलं, २०२५ ला ते लक्ष्यच सोडलं आणि तेलावरचा खर्च वाढवला. मायक्रोसॉफ्ट अजून २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह होण्याच्या गोष्टी करतं, पण डेटा सेंटरमुळे त्यांच्याच २०२४ च्या अहवालात उत्सर्जन २०२० पेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. मागे फिरलेत हे खरं आहे, उगाच सारवासारव नको.

पण नीट बघा कोण फिरलंय. ज्यांनी घोषणा केली होती पण आतलं गणित कधी जुळलंच नव्हतं, ते पहिल्या वाऱ्याला उडाले. तेल कंपनीने तेल कमी काढायचं म्हणजे शेअरहोल्डरला सांगायचं की नफा कमी घ्या, तो किती दिवस ऐकणार. ज्यांचा खर्च वाचतोय किंवा ज्यांचं गिऱ्हाईक मागतंय ते करतायत, फक्त बोलत नाहीत. २०२१ मध्ये दर आठवड्याला कुणीतरी नेट झिरो जाहीर करत होतं, आता मला उलटं सांगतात, काम करा पण प्रेस नोट नको. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर गाइडलाइन्स काढल्या, इको फ्रेंडली, ग्रीन असं काही छापायचं तर पुरावा ठेवा म्हणून. मार्केटिंगवाले गप्प झाले. मला तर बरंच वाटलं.

युरोपनेही २०२५ मध्ये बरंच सैल केलंय. रिपोर्टिंगचे नियम पुढे ढकलले, सीबॅममध्ये वर्षाला ५० टनांखालच्या आयातदारांना सूट दिली. हे ऐकून काही कारखानदारांनी मला फोन करून सांगितलं, बघा, गुंडाळलं. गुंडाळलेलं नाही, युरोपियन कमिशनच्याच म्हणण्यानुसार ९० टक्के आयातदार सुटले तरी ९९ टक्के उत्सर्जन जाळ्यात आहेच. दर महिन्याला कंटेनर भरून माल घेणाऱ्या आयातदाराला सूट नाही.

आता लबाडीचं, कारण तुम्ही आत गेलात की हे दिसणारच. सगळ्यात मोठी लबाडी पर्चेसमध्ये आहे. चेअरमन व्हेंडर मीटमध्ये स्टेजवरून म्हणतात की आपण सगळे या प्रवासात सोबती, आणि त्याच महिन्यात पर्चेसवाला त्याच व्हेंडरला म्हणतो रेट तीन टक्के खाली करा, नाहीतर ऑर्डर एल वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला जाईल. स्कोअर वाढवायला इकोव्हेडिसची (पुरवठादारांना सस्टेनेबिलिटीचे गुण देणारी कंपनी) फी व्हेंडरने भरायची, सोलर त्याने बसवायचं, एक्सेल त्याने भरायची, आणि ऑर्डर मात्र सगळ्यात स्वस्त असेल त्याला. सेबीने बड्या कंपन्यांना त्यांच्या मोठ्या पुरवठादारांची माहिती द्यायला लावायचं ठरवलं होतं, मग ढील देऊन ऐच्छिक केलं, तेव्हा मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, कारण तो सगळा बोजा बिनपैशाने खाली ढकलला जाणार होता हे दिसत होतं. दुसरी लबाडी इंटेन्सिटीची. टर्नओव्हरच्या दर कोटीमागे उत्सर्जन घटलं असं छापतात, पण त्या वर्षी मालाचे भावच वाढलेले असतात, एकूण धूर तेवढाच किंवा जास्त. आणि तिसरी कंत्राटी कामगारांची, अपघात झाला की तो आमचा नव्हता, कंत्राटदाराचा होता. बीआरएसआरमध्ये एम्प्लॉयी आणि वर्कर दोघांचे अपघात वेगळे द्यावे लागतात, ते पान आधी वाचत जा.

सगळेच असे आहेत असं नाही. महिंद्राने २०१६ मध्ये स्वतःच्याच कंपनीत कार्बनच्या टनाला १० डॉलर असा भाव लावला, कुणी मागितला नसताना. अल्ट्राटेकने २०२१ मध्ये बाँड काढला त्यात अट होती की उत्सर्जनाचं लक्ष्य चुकलं तर व्याज जास्त द्यावं लागेल. हे मला आवडतं. घोषणा कुणीही करतं, चुकल्यावर भुर्दंड बसेल असं लिहून देणारे कमी.

तर तुमचं. जाऊ का म्हणून विचारलंयत, तर हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या, एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करणार त्याला. रिपोर्टिंग कुणाला? सीएफओ, ऑपरेशन्स किंवा प्लांट हेड असेल तर जा. ब्रँड किंवा कॉर्पोरेट कम्युनिकेशनला असेल तर दोन वर्षं तुम्ही फोटो आणि पीपीटी करणार, आणि तुमची भीती खरी ठरेल. मग विचारा की पाच-दहा लाखांच्या वरच्या कॅपेक्सच्या (मशिनरी-बांधकामाच्या खर्चाच्या) प्रस्तावावर एनर्जी आणि पाण्याचा कॉलम असतो का आणि तो कोण तपासतं. आणि वरच्या लोकांच्या व्हेरिएबल पेमध्ये यातला एखादा आकडा आहे का. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी नाही असंच उत्तर येईल, घाबरू नका, पहिली दोन नीट असतील तर चालतं.

प्लांटमधून आलाय हा तुमचा मोठा फायदा आहे, तो कमी समजू नका. ईएसजीमध्ये रिपोर्ट लिहिणारे भरपूर आहेत, कॉम्प्रेसर लाइनची गळती कानाने ओळखणारे फार थोडे. सर्टिफिकेट कुठलं करू विचारलंयत, तर ते परदेशी ऑनलाइन कोर्स नंतर बघा, आधी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर-ऑडिटरची परीक्षा द्या. पेपर किचकट आहेत, बॉयलर, फर्नेस, इलेक्ट्रिकल सगळं येतं, पण मेकॅनिकलवाल्याला जमतं, आणि उद्या ईएसजी टीम खरंच गुंडाळली तरी ऑपरेशन्समध्ये परत जाताना ते कामाला येईल.